पहिला गिअर कुठे गेला?

दांडेकर पुलाचा सिग्नल. संध्याकाळचे सव्वासात. सिग्नल सुटला, मी पॅडलवर उभी राहिले आणि उजव्या अंगठ्याखाली काहीतरी ‘टक्’ झालं. पुढच्या क्षणी पॅडल इतकं जड, की मागचं चाक कुणी धरून ठेवलंय की काय! मागे बस. बसचा हॉर्न. शेजारच्या स्कूटरवरून एक काका, ‘‘अहो, चला की!’’

चलते काय, कप्पाळ! उतरले, सायकल ढकलत कडेला घेतली आणि खाली वाकून पाहिलं. चेन मागच्या सगळ्यात छोट्या चक्रावर जाऊन बसलेली. अंगठ्यानं खटका दाबला, तो नुसताच पोकळ हलला. गिअरची वायर तुटली होती.

तिथून घरापर्यंत मी सायकल चालवत, म्हणजे चालत, नेली. टिळक रोडला आजीचा फोन आला. ‘‘रविवारी येतेस का गं?’’

‘‘नाही गं आजी. सायकल बिघडलीय.’’

‘‘बरं,’’ आजी म्हणाली आणि फोन ठेवला. आजी फोनवर एवढंच बोलते. मला सॉलिड हायसं वाटलं. ते का वाटलं, याचा विचार करायच्या मूडमध्ये मी तेव्हा अजिबात नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, एका वायरीचं काय एवढं? मलाही तसंच वाटायचं. मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत केबल म्हणजे केबल टीव्ही, यापलीकडे माझी मजल नव्हती. पण फ्रीलान्सरला एक फायदा असतो. महिनाअखेरीला पैसे कमी आणि वेळ जास्त असतो. त्यामुळे पुढचे तीन दिवस मी या वायरीच्या मागे लागले.

फंडा सोपा आहे. माझी सायकल साधीच. जुन्या ऑफिसातली मैत्रीण बंगळूरला शिफ्ट होताना मला विकून गेली. पुढे एकच चक्र, मागे सात. मागचं सगळ्यात मोठं चक्र म्हणजे पहिला गिअर, चढासाठी, पायाला हलका. सगळ्यात छोटं म्हणजे सातवा, सपाटीला आणि उताराला. अंगठ्यानं खटका दाबला की वायर ओढली जाते आणि चेन मोठ्या चक्रावर चढते. परत यायचं तर खटका वायर सैल सोडतो आणि मागच्या डिरेलरमधली स्प्रिंग चेनला छोट्या चक्राकडे खेचते. म्हणजे वायर फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. ती आणि स्प्रिंग यांची कायमची रस्सीखेच चालू असते. वायर तुटली की स्प्रिंग जिंकते आणि तुम्ही थेट सातव्यावर. सिग्नल सुटताना, चढावर, मागे बस असताना. टायमिंग बघा.

आत पीळ घातलेली पोलादी तार आणि बाहेर तिला वाट दाखवणारी नळी, या जोडगोळीला इंग्रजीत बाउडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडेनच्या नावावर तिचं १८९६ सालचं पेटंट आहे. सायकलचा ब्रेक, स्कूटरचा क्लच, सगळीकडे तीच. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर उडवणारे गिअर मात्र टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत चालतच नव्हते. तोवर डोंगर आला की भलेभले गडी सायकलवरून उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे (दुसऱ्या बाजूला वेगळ्या मापाचं चक्र असायचं) आणि मग पुढे निघायचे. हे वाचून मला जरा बरं वाटलं. रस्त्यात उतरावं लागलेली मी काही पहिली नाही.

पण माझ्या केसमध्ये लाज वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. वायर काही त्या संध्याकाळी अचानक तुटली नव्हती. ती गेले चार महिने तुटत होती आणि मला रोज सांगत होती.

गिअरची आतली तार जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीची. तीही अखंड नाही, बारीक बारीक तारांचा पीळ. खटक्याच्या आत तिचं डोकं अडकवलेलं असतं आणि तिथेच ती दर वेळी वाकते, सरळ होते, परत वाकते. घरातली तार पक्कड नसताना कशी तोडतो आपण? इकडून तिकडे वाकवत राहतो. तेच. एकेक तंतू तुटत जातो, उरलेल्यांवर ताण वाढतो. आणि हे सगळं खटक्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत, दिसत काहीच नाही.

दिसत नाही, पण जाणवतं. जूनमध्ये कधीतरी पहिला गिअर लागेनासा झाला. खटका पहिल्यावर, चेन मात्र दुसऱ्या चक्रावरच. असं का, तर प्रत्येक ‘टिक’ला वायर सुमारे तीनच मिलिमीटर ओढली जाते. तार जरा सैलावली की सगळ्यात दूरचं, सगळ्यात मोठं चक्र हाताबाहेर जातं. मग ऑगस्टमध्ये दुसराही गेला. दरम्यान पावसानं दुसरा घोळ घातला. डिरेलरपाशी नळीचा एक वळसा असतो, पाणी आणि चिखल बरोबर तिथे उतरतो. आत गंज. त्यामुळे छोट्या चक्रावर यायचं तर वायर लवकर मागे सरकेना. खटका दाबा, तीन पॅडल मारा, मग कधीतरी ‘खड्‌’ करून चेन पडणार. खूण लक्षात ठेवा, कामाची आहे. मोठ्या चक्रावर चढत नसेल तर वायर सैल पडलीय किंवा उसवतेय. छोट्यावर उतरायला वेळ लावत असेल तर ती नळीत अडकतेय. माझ्याकडे दोन्ही होतं.

आणि मी काय केलं? ॲडजस्ट! आपण सगळे यात चॅम्पियन आहोत. लॅपटॉपचं एक बटण चालत नाही म्हणून दुसरीकडून कॉपी-पेस्ट करतो, वर्षभर. मी चौथा आणि पाचवा एवढ्यातच संसार करायला लागले. पूल टाळून खालच्या रस्त्यानं जाऊ लागले. बाहेरच्या लोकांना भेटायचं असेल तर ‘‘तुम्हीच डेक्कनला याल का? कॉफी छान मिळते’’ असं सुचवायला लागले. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा घरच्या खुर्चीला दोष दिला आणि नवी उशी आणली. दसऱ्याला सायकल धुतली, हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली. माळ नेमकी त्या खटक्यावरच बांधली होती. आत किती तारा शिल्लक आहेत, हे बघायचं काही सुचलं नाही.

एका दुकानात सायकल नेली. तिथला पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘‘ताई, ठेवून जा. परवा बघतो.’’

‘‘नुसती गिअर वायर आहे ना?’’

‘‘गिअरवालं काम आहे. टाइम लागतो.’’

मागच्या वर्षी एका ठिकाणी अशीच ठेवून गेले होते आणि त्यांनी शेवटचा नळीचा तुकडा ब्रेकच्या नळीचा घातला होता. तेव्हा मला काय कळणार? बाहेरून दोन्ही काळ्याच. हे मला समजावलं आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पंक्चरवाल्या काकांनी. ते स्वतः गिअरच्या सायकलला हात लावत नाहीत (‘‘आपलं काम बिनगिअरचं’’), पण त्यांनी पकडीनं दोन तुकडे कापून माझ्या हातावर ठेवले. ब्रेकची नळी पाच मिलिमीटर जाड आणि तिच्या आत पत्रा स्प्रिंगसारखा गोल गुंडाळलेला. गिअरची चार मिलिमीटर, आणि तिच्यात तारा उभ्या, एकमेकींशेजारी, उदबत्तीच्या पुड्यासारख्या. स्प्रिंग दाबली की दबते. ब्रेकला तेवढं चालतं. गिअरचा मात्र तीन मिलिमीटरचा हिशोब, तिथे नळीच दबली की सगळाच झोल. उलटी चूक तर आणखी डेंजर. गिअरची नळी ब्रेकला लावली तर जोरात ब्रेक मारताना त्या उभ्या तारा फाकून नळीच फाटू शकते.

‘‘आणि आउटरपण बदला बरं का,’’ काका म्हणाले. ‘‘गंजक्या नळीत नवी तार घालून काय उपयोग?’’

काकांनी कटर उसना दिला. तार, दोन मीटर नळी, नळीच्या टोकांना लावायच्या टोप्या, सगळं मिळून पावणेतीनशे रुपयांत आलं. शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी केली आणि सुरुवात केली.

वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम. पण पहिल्याच पायरीला अडकले. वायर अख्खी असली तर काम सोपं असतं. सातव्या गिअरवर यायचं, म्हणजे वायर सैल. डिरेलरवरचा नट पाच नंबरच्या एल-कीनं ढिला करायचा, वायर मागून ढकलायची, की खटक्यातून तिचं डोकं बाहेर डोकावतं. माझी वायर डोक्यापाशीच तुटलेली. त्यामुळे शिशाच्या दाण्याएवढं ते डोकं, त्याला चिकटलेल्या चार वाकड्या तारांसकट, खटक्याच्या आत रुतून बसलेलं. ढकलायचं कशानं? वायरच नाही! खटक्याचा छोटा स्क्रू काढला, मोबाइलचा टॉर्च दातात धरला (धरू नका, जबडा दुखतो) आणि आत बघत बसले. टाचणीनं हललं नाही. सुईनं हललं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येताना थांबल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, बाहेर शंभर रुपयांत करून देतात.’’ पुण्यात सल्ला कधीच उसना मागावा लागत नाही.

शेवटी वर जाऊन भुवयांचा चिमटा आणला. त्यानं एकेक तार आधी सरळ केली, मग सगळ्या एकत्र धरल्या आणि हळूहळू ओढल्या. पाऊण तास गेला. डोकं बाहेर आलं तेव्हा अंगठ्याच्या नखाखाली एक तार घुसली होती आणि मी पार्किंगमध्ये एकटीच ‘येस!’ म्हणून ओरडले होते. तो तुकडा नीट पाहिला. एका तंतूचं टोक चकचकीत होतं. तो त्या संध्याकाळी तुटलेला. बाकीच्यांची टोकं काळी पडलेली. त्यांना तुटून महिने झालेले.

पुढचं काम त्या मानानं मजेचं. जुने नळीचे तुकडे समोर ठेवून नवे त्याच मापाचे कापायचे. कटर धारदार हवा, नाहीतर टोक चेपतं. चेपलंच तर आतलं प्लॅस्टिकचं भोक दाभणानं मोकळं करायचं. (दाभण आईच्या शिवणाच्या डब्यातलं. तिला अजून माहीत नाही.) टोप्या लावायच्या, नवी तार खटक्यातून घालायची, एकेका नळीतून ओवत डिरेलरपर्यंत आणायची. ती नव्या नळीतून अशी सुळकन गेली, की मी परत बाहेर काढून पुन्हा एकदा घातली, नुसतीच. मग हातानं ताणून नटाखाली आवळायची, दोन बोटं शेपूट ठेवून बाकीची कापायची आणि टोकाला ॲल्युमिनियमची इवलीशी टोपी चेपायची. ही टोपी विसरू नका. नाहीतर पीळ सुटतो, तार उसवते आणि पोटरीला ओरबाडते.

तेवढ्यावर लगेच गिअर लावत सुटायचं नाही. नवी वायर पहिल्या काही दिवसांत सैलावते. सगळे म्हणतात तार ताणली जाते. खरं म्हणजे नळ्या आणि टोप्या आपापल्या जागी घट्ट बसत असतात. म्हणून आधीच मधल्या उघड्या तारेला दोन-चारदा जोरात ओढ द्यायची आणि पुन्हा आवळून घ्यायचं. मग डिरेलरवर वायर शिरते तिथली छोटी फिरकी. घड्याळाच्या उलट फिरवली की ताण वाढतो, सुलट फिरवली की कमी होतो. अर्धा फेरा, हातानं पॅडल फिरवा, ऐका. खरखर? आणखी पाव फेरा. तिथेच शेजारी दोन स्क्रू दिसतात, त्यांना उगाच हात लावू नका. चेनला दोन्ही टोकांना अडवायचं काम त्यांचं, वायर बदलताना त्यांचा संबंध नसतो. मी लावला. अर्धा तास वाया.

साडेबाराच्या सुमाराला खटका दाबत दाबत आले. पाच, चार, तीन. तिसऱ्यापर्यंत आमची ओळख होती. दोन. आणि मग एक. चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर चढली, एका झटक्यात, बिनआवाज.

आणि ते चक्र लाल होतं.

चौथ्या-पाचव्याचे दाते चांदीसारखे घासलेले. पहिल्याच्या दात्यांवर मात्र विटकरी गंज, त्यावर धूळ. चेन फिरायला लागली तशी त्याची भुकटी माझ्या पायावर पडली. मी पॅडल फिरवत तिथेच बसले आणि आठवायला लागले, या चक्रावर चेन शेवटची कधी होती? माझ्या रोजच्या रस्त्यांवर पहिला गिअर कुठेच लागत नाही. तो लागतो एकाच ठिकाणी. सहकारनगरमध्ये, तळजाईकडे जाणाऱ्या चढावर. आजीच्या घराशी.

मोबाइलवर बघितलं. आजीकडचा शेवटचा फोटो वटपौर्णिमेच्या आदल्या रविवारचा. त्यानंतर फक्त कॉल. या रविवारी डेडलाइन आहे गं. या रविवारी पाऊस फार आहे. मैत्रीण येतेय. डोकं दुखतंय. मी खोटं बोलत नव्हते, शपथ! दर वेळी खरंच काहीतरी असायचं. पण मे महिन्यापर्यंतही काहीतरी असायचंच की, आणि तरी मी जायचे.

रिक्षा होती. बस होती. हे मला सुचलं नसेल असं नाही. पण ‘रविवारी आजीकडे’ म्हणजे माझ्या डोक्यात सायकल, आणि सायकल म्हणजे तो चढ. चढ नकोसा झाला आणि त्याच्या टोकाला काय होतं, तेही हळूहळू नकोशात जमा झालं. त्या शनिवारपर्यंत मी आजीला टाळतेय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

आजीकडे मी काय करायचे, तर पेपर वाचून दाखवायचे. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस आलेला कळतो, चेहरा कळत नाही. अक्षर तर नाहीच. टीव्हीवर बातम्या ती ऐकते, पण तिला हवं असतं ते टीव्हीवर नसतं. तिला निधनवार्ता हव्या असतात. ‘‘माझ्या वयाच्या लोकांच्या बातम्या आता तिथेच येतात,’’ असं म्हणून हसते. काका-काकू तिच्याजवळ असतात, सगळं करतात, पण सकाळी सकाळी ते पान मोठ्यानं वाचायचं काकूला बरं वाटत नाही. अशुभ वाटतं. म्हणून ते खातं माझ्याकडे.

रविवारी साडेसातला निघाले. सारसबागेवरून, मित्रमंडळ चौकातून. चढाच्या पायथ्याशी आले आणि खटका दाबला. तीन, दोन, एक. पाय भराभर फिरायला लागले आणि सायकल गोगलगायीसारखी वर निघाली. तळजाईला फिरायला जाणारे आजोबा लोक मला चालत मागे टाकत होते. एकांनी तर ‘‘शाब्बास!’’ वगैरे म्हटलं. जाम दम लागला. पण उतरले नाही.

आजी दारातच खुर्ची टाकून बसली होती. सायकल स्टँडला लावल्याचा आवाज तिनं ओळखला.

‘‘वाट चुकलीस का गं?’’

‘‘वायर तुटली होती, आजी.’’

‘‘चार महिने?’’

मी गप्प. तिनंही विषय वाढवला नाही. आत गेले तर दिवाणाखाली पेपरचा गठ्ठा. सगळे रविवारचे. तारखेनं लावलेले, सुतळीनं बांधलेले. काकू म्हणाली, ‘‘रद्दीवाला दोनदा आला. हात लावू देईनात.’’

‘‘जूनपासून घे,’’ आजी म्हणाली.

मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि जूनपासून घेतलं. चहा झाला, पोहे झाले, जून संपला. मी नाव, वय, मागे कोण कोण, एवढं वाचायचे आणि आजी मधूनच ‘‘हं’’ करायची. एकदा ‘‘हा लबाड होता’’ असंही म्हणाली. जुलैच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एका नावाशी तिनं हात वर केला.

‘‘परत वाच.’’

परत वाचलं. नाव, वय ८५, माहेरचं नाव कंसात.

‘‘पत्ता दिलाय?’’

नव्हता. शोकसभेची तारीख होती, जुलैमधलीच. ती मी वाचली नाही.

आजीनं पदराला हात पुसले. कोरडेच होते. ‘‘शाळेत माझ्या बाकावर बसायची,’’ ती म्हणाली. ‘‘तिला फोन करायचा होता मला.’’ मग बराच वेळ काही नाही. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

‘‘तारीख होती का काही?’’ तिनं विचारलं.

‘‘हो,’’ मी म्हटलं, आणि वाचली.

तिनं मान हलवली. ‘‘पुढचा काढ,’’ म्हणाली.